लिहून बोलायची रीत

आमच्या भाऊजींचं सक्षमीकरण वाशीमच्या एका मंगल कार्यालयात झालं. पत्रिकेत वेळ सकाळची होती आणि प्रमुख पाहुणे दुपारी आले. तोवर सक्षम व्हायला आलेली मंडळी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होती आणि त्यांना घेऊन आलेले आमच्यासारखे लोक शेजारी बसून 'बस गुपचूप' म्हणत होते. मागच्या फलकावर 'बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे डिजिटल सक्षमीकरण' असं लिहिलं होतं. दिवा लागला, शाली झाल्या, नारळ झाले. पाहुणे मोबाईलच्या क्रांतीवर बोलायला उभे राहिले आणि त्यांचा स्वतःचाच मोबाईल वाजायला लागला. तो बंद कसा करायचा ते त्यांना समजेना. शेवटी भाऊजींना मोबाईलचा खोका देतानाचा फोटो निघाला. फोटोत तो खोका इतक्या जणांनी धरला आहे की त्यात भाऊजींचा हात शोधावा लागतो.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. चाळिशीचे आहेत. केनवडला सासूबाई, माझे यजमान, भाऊजी आणि मी असे आम्ही राहतो. भाऊजींना लिहिता-वाचता येत नाही. नवीन गोष्ट डोक्यात बसायला त्यांना वेळ लागतो, पण एकदा बसली की ती तिथून हलत नाही. कागदोपत्री त्यांच्यासाठी एक शब्द आहे, फलकावर दुसरा होता आणि गावात 'भोया', म्हणजे भोळा, म्हणतात. सासूबाईंसाठी ते अजून 'माहं लेकरू' आहेत. घरात त्यांना अहो-जाहो करणारी मी एकटीच, आणि त्यातही माझा काही मोठेपणा नाही. दिराला तुम्ही म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते.

फोन घरी आला आणि पहिले काही महिने त्याने बाकीच्या सगळ्यांना सक्षम केलं. यजमान त्यावर सोयाबीनच्या भावाचे व्हिडिओ पाहायचे. सासूबाईंची भजनं लागायची. मीही ब्लाउजचे गळे पाहून घ्यायची. भाऊजींच्या वाट्याला फोन चार्जिंगला लावायचं काम आलं आणि ते त्यांनी फार मन लावून केलं. मग भाऊजी शिकायला जायचे त्या वाशीमच्या केंद्रातल्या मॅडमनी एकदा विचारलं, फोनमध्ये भाऊजींचं असं काहीच कसं दिसत नाही? तिथे प्रौढांना शिकवणाऱ्या त्या एकट्या, वयाने माझ्या भाचीएवढ्या. आम्ही काहीबाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सर्वांसमोर फोन भाऊजींच्या खिशात घातला. यजमान परतताना एसटीत धुसफुसत राहिले. "कालची पोरगी आमाले शिकवून राह्यली," म्हणाले. पण फोनला पुन्हा हात लावला नाही.

मॅडमची पद्धत साधी होती. फोन लावायचा तर नाव वाचायची गरज नाही, फोटोवर बोट ठेवायचं. निरोप द्यायचा तर माईकचं चित्र दाबून बोलायचं. भाऊजींना हे समजलं आणि आमच्या घरात गुप्त असं काही उरलं नाही. ते रोज कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज पाठवायचे. "मी जेवलो. वांग्याची भाजी होती. वयनीनं मीठ जास्त टाकलं." "दादा बैलावर वरडला." "माय हासली." पुण्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या दिरांना माझ्या स्वयंपाकाची इतकी बारीक माहिती व्हायला लागली की फोनवर ते आधी मिठाचं विचारायचे.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. भाऊजींबद्दल काही बोलायचं तर त्यांना समजणार नाही असं बोलायचं, हा नियम ते लहान होते तेव्हापासूनचा. सासरे होते तेव्हा अशा वेळी हिंदीत बोलत. भाऊजी टीव्ही पाहून हिंदी शिकले. मग डोळ्यांच्या खुणा सुरू झाल्या, त्याही ते शिकले. पण लिहायला-वाचायला काही शिकले नाहीत. म्हणून ग्रुप निघाला तेव्हा वाशीमला शाळेत शिकवणाऱ्या माझ्या नणंदेने, आमच्या ताईंनी, नियम घालून दिला. भाऊजींबद्दल जे काय असेल ते लिहून बोलायचं, आवाज टाकायचा नाही. आणि हे लिहायचं त्याच ग्रुपवर, ज्यात भाऊजी आहेत. दुसरा ग्रुप काढावा असं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. लिहिलं म्हणजे कुलूप लागलं अशी सगळ्यांची खात्री होती. सासूबाईंनाही वाचता येत नाही, त्यामुळे त्या एकाच कुलपात दोघंही आपसूक बंद झाली होती. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला. भाऊजींनी मॅडमकडून फोनमध्ये गोळ्यांचा गजर लावून घेतला. गजर झाला की ते पाणी घेऊन आईजवळ उभे राहायचे आणि ती गोळी गिळेपर्यंत हलायचे नाहीत. सासूबाई अंगणात चालायच्या तेव्हा हे वॉकरच्या पुढे उलटे चालायचे. ग्रुपवर मात्र लिहिणं वाढलं. विषय होता माझा जीव. घरात एक आजारी, एक असा, आणि करणारी मी एकटी. वहिनीची ओढाताण होते, वहिनीला विश्रांती हवी, वहिनीवर अन्याय होतो. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या विश्रांतीचा विषय घरात पहिल्यांदाच निघत होता. मला भरून आलं. मग वाचत गेले तसं लक्षात आलं की माझ्या विश्रांतीसाठी भाऊजींना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत कायमचं ठेवायचं चाललं आहे. मी लिहिलं, "बरं." आता हे बरं कशाला होतं ते मलाही नीट सांगता येणार नाही. आमच्याकडे सुना ग्रुपवर 'बरं'च म्हणतात.

एके दुपारी मी धान्य पाखडत होते आणि गोठ्याकडून बाईचा आवाज आला. अगदी शुद्ध बोलत होती. मला वाटलं ताई आल्या. मी पदर सारखा केला, चहाचं आधण ठेवलं आणि बाहेर गेले. ताई कुठेच नव्हत्या. भाऊजी गोठ्यातल्या खाटेवर बसले होते, पडद्यावर बोट ठेवलेलं होतं, आणि फोन एका सुरात म्हणत होता, "ताई. संस्थेची जागा स्वच्छ आहे. निवासी व्यवस्था उत्तम आहे. दिवाळीनंतर भाऊला तेथे ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला आधी सांगू नये, रडून गोंधळ घालेल. शेगावला दर्शनाला नेतो, असे सांगावे."

लिहिलेल्यावर बोट ठेवलं की फोन ते वाचून दाखवतो, अशी सोय त्यात आहे. मॅडमनी ती केंद्रात शिकवली होती. एसटीच्या पाट्या, औषधाचं पाकीट, दुकानाचं नाव, सगळं वाचून घ्यायला. भाऊजींना ती यायला दोन पावसाळे लागले, पण आली. त्या एकाच दुपारी घरातले सगळे बोलायला लागले होते.

भाऊजींनी मला पाहिलं आणि विचारलं, "वयनी, निवासी म्हंजे काय?"

मी म्हटलं, "राहायची जागा."

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. "मंग हे काय हाय?"

चहा उतू जातोय असं सांगून मी आत आले. चहा खरंच उतू गेला होता.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला नाही की काही नाही, फक्त म्हणाले, "ते बटन बंद करून टाक." मी भाऊजींचा फोन घेऊन बसले, पण बटन सापडेना. मग यजमान बसले. ते बारावी, मी पदवी, दोघांनी मिळून फोनची भाषा तेवढी बदलून ठेवली. शेवटी यजमानांनी भाऊजींनाच हाक मारली. "हे वाचाचं कसं बंद करते रे?" भाऊजींनी मोठ्या आनंदाने दाखवलं. आधी भाषा परत आणली, मग ते वाचणं बंद केलं. घरच्यांनी त्यांना काही शिकवायला सांगितलं होतं ते पहिल्यांदाच. नंतर खाटेवर जाऊन त्यांनी ते परत चालू केलं.

रविवारी बैठक बसली. ताई वाशीमहून आल्या, येताना पेढे आणले. पुण्याचे थोरले दीर व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं आणि ते मधूनच तिरपे व्हायचे. सासूबाई पलंगावर उशीला टेकून. ताईंनी भाऊजींच्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाल्या, "तुला शेगावला न्यायचं आहे बरं का आम्हाला. दर्शनाला."

भाऊजींनी पेढा पूर्ण खाल्ला, हात पुसले, फोन काढून पलंगाच्या कडेवर ठेवला आणि बोट ठेवलं.

खरं सांगते, मी आतून हादरले होते, तरी एका गोष्टीचं हसू आल्याशिवाय राहिलं नाही. ताईंचं मराठी घरात सगळ्यात चांगलं. स्वल्पविराम जिथल्या तिथे, एक वेलांटी चुकायची नाही. त्यामुळे फोनने त्यांचा शब्दन् शब्द स्वच्छ वाचला, अगदी 'रडून गोंधळ घालेल' इथे थांबून वाचला. थोरले दीर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, ते फोनला झेपेना. त्यांच्या निरोपांची त्याने अशी काही भरड केली की त्यातून त्यांच्याविरुद्ध काहीच सिद्ध झालं नसतं. यजमान लिहीतच नाहीत, नुसता अंगठा पाठवतात. फोनने तोही सोडला नाही. ताईंचं एक वाक्य झालं की तो म्हणायचा, "दादा. अंगठा वर." पुढचं वाक्य, पुन्हा "दादा. अंगठा वर." यजमान खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले. मग माझी पाळी आली. "वहिनी. बरं."

त्या शब्दावर भाऊजींनी बोट उचललं. खाली अजून मजकूर होता. तो सासूबाईंबद्दल होता, त्यांना पुण्याला थोरल्या दिरांकडे कायमचं हलवायचं आणि त्यांनाही एवढ्यात सांगायचं नाही, असा. भाऊजींनी आईकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

सासूबाईंना भाऊजींच्या संस्थेचंही त्या क्षणापर्यंत काही माहीत नव्हतं. त्या रडल्या नाहीत. ताईंकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "शेगावच्या नावानं नेत होती माह्या लेकराले?" ताईंना रडू फुटलं. डब्याला टेकलेले दीर पुण्यात डोळे पुसायला लागले. यजमानांनी घसा साफ केला आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. जो तो पुढे होऊन सांगायला लागला की कुठे जायचं नाही, विषयच नको, जन्मभर इथेच राहायचं, कोण नेतो ते पाहतो. असा उमाळा आमच्या घरात लग्नकार्यातही येत नाही. भाऊजी सगळ्यांचं होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मले पाह्याचं हाय ते."

"काय?"

"ती जागा."

यजमान म्हणाले, "अरे पन जायाचंच नाही तं पाह्याचं काहून?"

"तुमी पाह्यली का?"

कुणीच पाहिली नव्हती. ताईंनी जागा स्वच्छ आहे असं लिहिलं होतं ते फोनमधले फोटो पाहून. आता त्या म्हणाल्या, "नको रे राजा, झालं ते झालं, तुला कुठंही पाठवत नाही आम्ही." आणि हे सगळ्यांना इतकं पटलं की विषय तिथेच संपला. भाऊजींनी जायचं हे आम्ही त्यांना न विचारता ठरवलं होतं, आणि जायचं नाही हेही तसंच ठरवून मोकळे झालो. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी पेढे सगळ्यांनी मिळून खाल्ले.

त्यानंतर काही दिवस भाऊजी माझ्या मागे लागले. भाकरी टाकताना यायचे, "कवा जाऊ?" कपडे वाळत घालताना यायचे, "कवा जाऊ?" त्यांच्या डोक्यात बसलेलं हलत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. शेवटी मी यजमानांना सांगितलं की माहेरी इंझोरीला जाऊन येते, सोबतीला भाऊजींना नेते. दिवसभर शेजारची काकू सासूबाईंजवळ बसणार होती. शेगावच्या नावाने नेण्याचा राग आला होता मला, आणि मी इंझोरीच्या नावाने निघाले.

एसटीत भाऊजी खिडकीशी बसून प्रत्येक पाटीवर फोन धरत होते. मला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे मला नीट माहीत होतं. ते 'नाही' म्हणाले तर घरी परतून तेच सगळं करायचं होतं. 'हो' म्हणाले तर मला हलकं वाटलं असतं. त्या हलकं वाटण्याचीच जास्त भीती वाटत होती.

जागा खरंच चांगली होती. लिंबाची झाडं, सारवल्यासारखं स्वच्छ अंगण, रांगेत पलंग. व्यवस्थापक भला माणूस होता, पण भाऊजी समोर उभे असताना तो सगळं मलाच विचारत राहिला. "झोप लागते का यांना? जेवतात का? रागावतात का?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." त्याने जरा मोठ्या आवाजात विचारलं, भाऊजी बहिरे असल्यासारखं. भाऊजींनी उत्तरं दिली. मग त्यांनी पलंगाची गादी दाबून पाहिली, संडास पाहिला, फोटो काढले. द्रोण-पत्रावळी करायच्या मशीनवर त्यांच्याच वयाचा एक जण बसला होता. त्याने सरकून जागा दिली. भाऊजींनी हाताने द्रोण काढले, आणि असे हसले की मी दुसरीकडे पाहायला लागले. जेवणात त्यांनी कढी दोनदा मागितली. मी मनात म्हटलं, झालं, राहतात हे.

निघताना त्यांनी विचारलं, "फोन?"

"फोन ऑफिसात जमा राहतो," व्यवस्थापक म्हणाला. "हरवतात, भांडणं होतात. रविवारी मिळतो बोलायला."

"तुमचा बी?"

तो हसला. "नाही, माझा माझ्याजवळ."

भाऊजींनी मान हलवली आणि चपला घातल्या.

परतीच्या वाटेत ते काढलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहत होते. इकडे ग्रुपवर ताईंचं लिहिणं सुरू झालं होतं. भाऊजींबद्दल सगळ्यांची मनं साफ झाली होती आणि आता आईचा विषय हाती घेतला होता. आईला पुण्याला हलवण्यासाठी गाडी ठरवावी. डॉक्टरला दाखवायचं म्हणून न्यावे. नंतर तेथेच राहील. सगळं शुद्ध मराठीत, लिहून. खाली यजमानांचा अंगठा. इतकं रामायण होऊन आमच्या लोकांनी नियम काही मोडला नव्हता. एसटीत भाऊजींनी फोन कानाला लावून ते ऐकलं, ते मी पाहत होते.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. यजमान दारातच म्हणाले, "इंझोरीचे सारे बरे हायेत ना?" मी काही म्हणायच्या आत भाऊजी सासूबाईंच्या पलंगावर जाऊन बसले, माईकचं चित्र दाबलं आणि फोन तोंडाशी धरून बोलायला लागले. कुणाकडेही न पाहता.

"मी ती जागा पाह्यून आलो. वयनी आन मी. मशीन लय चांगली हाय. कढी वयनीपेक्षा चांगली हाय. मी तिथी राह्यत नाही. तिथी मले कोनी इचारत नाही अन माहा फोन घेऊन ठेवते. मी इथी राह्यतो अन वाशीमले जातो." बोट तसंच दाबलेलं होतं. "आन मायले पुन्याले न्याचं जे काय ठरवाचं असन, ते लिवू नका. बोला. मायले लिवलेलं आयकू येत नाही."

त्यांनी बोट उचललं. निरोप गेला. सासूबाई आधी भाऊजींकडे, मग यजमानांकडे पाहायला लागल्या. यजमान माझ्याकडे पाहायला लागले, जणू इंझोरीचा रस्ता मी बदलून ठेवला होता.

ग्रुपवर 'ताई लिहीत आहे' असं वर दिसायचं आणि जायचं. पुन्हा दिसायचं आणि जायचं. मग त्या ग्रुपवर ताईंचा पहिला आवाज आला. आधी नुसतं खाकरणं, मग, "आई. ऐकून राह्यली का? आम्ही तुला पुण्याला मोठ्या दादाकडे ठेवायचं म्हणत होतो. कायमचं. तुला काय वाटते?" ताई वर्गात बोलतात तसं नव्हतं ते. घरातल्या मुलीसारखं होतं.

सासूबाईंनी उशीवरून पाठ उचलली. मी आधार द्यायला गेले तर मला हाताने बाजूला केलं.

"धर रे तो फोन माह्या तोंडाजवळ," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी चित्र दाबून धरलं आणि मान हलवून बोल म्हणून सांगितलं. सासूबाई बोलायला लागल्या. मी भाकरी टाकायला उठले, भाकरी झाल्या, ताटं घेतली, तरी त्यांचं बोलणं चालूच होतं आणि भाऊजींचं बोट बटनावरून हललं नव्हतं.